वाळू विकणारा मुलगा : जॉर्ज टिल्यू आणि समुद्रकाठची मजानगरी



नवरात्रात दुर्गाडीच्या पायथ्याशी जत्रा भरते. देवीचं दर्शन झालं की तुमचे डोळे सगळ्यात आधी काय शोधतात, सांगू? आकाशपाळणा! मग घोड्यांची चक्री, ड्रॅगनची गाडी, हेलकावे खाणारं जहाज. आईबाबा पैसे मोजतात आणि तुम्ही मोजता की किती पाळण्यांत बसायला मिळणार. तुमच्यापैकी काहींच्या घरी एखादा मोठा दादा किंवा ताई एस्सेलवर्ल्डच्या शाळेच्या सहलीच्या गोष्टीही सांगत असेल. 1989 साली सुरू झालेलं गोराईचं ते उद्यान आता बंद आहे. पण बोरिवलीहून खाडी ओलांडत बोटीने तिकडे जाण्यातली गंमत तेव्हाची मुलं अजून विसरलेली नाहीत.

हे सगळं आपल्याला इतकं ओळखीचं आहे, की याची सुरुवात कुणीतरी केली असेल असं मनातच येत नाही. चारी बाजूंनी कुंपण, एक दरवाजा, एकच तिकीट आणि आत खेळच खेळ, अशी समुद्रकाठची मजानगरी ज्यांनी घडवली त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे जॉर्ज टिल्यू. अमेरिकेतल्या न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड नावाच्या किनाऱ्यावर हा माणूस वाढला आणि तिथेच त्याने स्टीपलचेस पार्क उभं केलं. आजच्या पाठात त्याचं चरित्र वाचू या. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : माणसाला हसवणं आणि माणसाचं हसं करणं, या दोन्हींत फरक काय? टिल्यूच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

किनाऱ्यावरचं बालपण

जॉर्जचा जन्म 1862 सालचा. तो तीन वर्षांचा असताना त्याचं कुटुंब कोनी आयलंडला राहायला आलं. त्या काळी तिथे होतं काय? वाळू, वारा, गवत आणि समुद्र. वडील पीटर टिल्यू यांनी वर्षाला 35 डॉलर भाड्याने समुद्रालगतची जागा घेतली आणि तिथे एक खाणावळवजा हॉटेल काढलं. पोहायला येणाऱ्यांना खाणंपिणं आणि आंघोळीचे कपडे भाड्याने देणं, हा त्यांचा धंदा.

मग आली रेल्वे. आपल्या कल्याणला 1854 साली आगगाडी आली आणि गावाचं रूप पालटलं, हे तुम्ही इतिहासात वाचलं आहे. कोनी आयलंडचंही तसंच झालं. 1870 नंतरच्या दहा वर्षांत शहरातून थेट किनाऱ्यापर्यंत आगगाड्या धावू लागल्या. सहा दिवस कारखान्यात राबणारा माणूस रविवारी बायकामुलांना घेऊन समुद्रावर येऊ लागला. पूर्वेकडच्या टोकाला श्रीमंतांची मोठी हॉटेलं उभी राहिली, तर पश्चिमेकडे साध्या माणसांची गर्दी. टिल्यू कुटुंब या साध्या माणसांच्या बाजूला होतं.

1876 सालची गोष्ट. फिलाडेल्फिया शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ते बघायला आलेले दूरदूरचे लोक पुढे समुद्र पाहायला कोनी आयलंडला येत. त्यांतल्या अनेकांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. चौदा वर्षांच्या जॉर्जने हे बरोबर हेरलं. त्याने रिकाम्या बाटल्यांत समुद्राचं पाणी भरलं, रिकाम्या खोक्यांत वाळू भरली आणि एकेक नग 25 सेंटला विकायला बसला. (100 सेंट म्हणजे एक डॉलर.) पहिल्याच दिवशी 13 डॉलर 45 सेंट जमले! वडील जागेसाठी वर्षाला 35 डॉलर भाडं भरत होते, हे आठवा म्हणजे ही कमाई केवढी ते कळेल.

आता तुम्ही म्हणाल, सर, वाळू तर फुकट पडलेली होती, मग ही फसवणूक नाही का झाली? विचार करण्यासारखा मुद्दा आहे. पण घेणाऱ्याला ती वाळूच आहे हे ठाऊक होतं. आपण पंढरपूरहून बुक्का आणतो, गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत आणतो. आपण तिथे जाऊन आलो, ही आठवण आपण घरी आणत असतो. लोकांना वस्तूपेक्षा आठवण हवी असते, हे त्या पोराला चौदाव्या वर्षी कळलं होतं.

खरं बोलण्याची किंमत

तरुणपणी जॉर्जने जमिनीचे व्यवहार केले. 1882 मध्ये बापलेकांनी मिळून किनाऱ्याजवळ एक नाट्यगृह बांधलं. धंदा बरा चालला होता. पण त्या गावावर एका माणसाची सत्ता होती. त्याचं नाव जॉन मॅकेन.

हा मॅकेन गावाचा कारभारी. पोलिसांचा प्रमुखही तोच. गावाच्या मालकीची किनाऱ्याची जमीन कुणाला भाड्याने द्यायची हे तोच ठरवी. रविवारी चर्चच्या शाळेत मुलांना धर्माचे धडे द्यायलाही तो हजर असे! त्याच्या आशीर्वादाने जुगाराचे अड्डे चालत, हप्ते गोळा होत. सगळ्यांना माहीत, पण बोलायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

1887 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने चौकशी समिती नेमली. पंचविशीतला जॉर्ज टिल्यू समितीपुढे उभा राहिला आणि जुगाराबद्दल, हप्त्यांबद्दल जे जे माहीत होतं ते त्याने साक्षीत सांगितलं.

पुढे काय झालं असेल? गोष्टीतल्या पुस्तकात लगेच खलनायकाला शिक्षा होते. इथे उलटं झालं. मॅकेनच्या केसालाही धक्का लागला नाही. टिल्यू बापलेकांच्या हातच्या जागा मात्र गेल्या. वर्षानुवर्षं उभा केलेला धंदा बुडाला. जॉर्जला पुढची काही वर्षं अगदी दबून काढावी लागली.

पण अतिरेक झाला की माती होतेच. 1893 च्या निवडणुकीत मॅकेनने खोट्या मतदारांच्या याद्या केल्या. तपासायला आलेल्या निरीक्षकांना त्याच्या माणसांनी मारहाण केली आणि न्यायालयाचा हुकूमही त्याने धुडकावला. आता मात्र त्याला कुणी वाचवू शकलं नाही. 1894 मध्ये त्याला सहा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. टिल्यूचा मार्ग मोकळा झाला, पण साक्षीनंतर सात वर्षांनी. खरं बोलणाऱ्याला कधी कधी इतकी वाट पाहावी लागते.

लग्नाची सहल आणि भलंमोठं चाक

1893 मध्ये जॉर्जचं मेरी ओडॉनेलशी लग्न झालं. नवं जोडपं सहलीला गेलं ते शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. आपल्याला हे प्रदर्शन स्वामी विवेकानंदांमुळे माहीत आहे. ज्या सर्वधर्म परिषदेत स्वामीजी बोलले ती या प्रदर्शनाच्याच निमित्ताने भरली होती.

त्याच प्रदर्शनात एक नवल उभं होतं. जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने पोलादाचा आकाशपाळणा उभारला होता. उंची 264 फूट, म्हणजे साधारण पंचवीस मजली इमारतीएवढी. 36 डबे आणि एकेका डब्यात 60 माणसं. हिशेब करा बरं, एका वेळी 2160 माणसं आकाशात! लाकडी रहाटपाळणे आपल्याकडच्या जत्रांत आणि इतर देशांतही फार पूर्वीपासून होते. माणसं हातांनी ते फिरवत. पण वाफेच्या इंजिनावर फिरणारं एवढं अवाढव्य चाक जगाने पहिल्यांदाच पाहिलं.

टिल्यू ते चाक पाहतच राहिला. हे विकत घ्यायचंच, असं त्याने ठरवलं. पण ते त्याच्या हाती लागलं नाही. मग त्याने दुसरं लहान चाक बनवायला टाकलं : 125 फुटांचं, 12 डब्यांचं, प्रत्येक डब्यात 18 माणसं. शिकागोच्या चाकाच्या निम्मंही नाही. परत येऊन त्याने कोनी आयलंडच्या मोकळ्या जागेवर पाटी लावली, की जगातलं सगळ्यात मोठं फेरिसचं चाक इथे उभं राहणार आहे!

ही पाटी सरळ सरळ खोटी होती. ज्या माणसाने सत्तेपुढे खरं बोलून सगळं गमावलं, त्यानेच जाहिरातीत थाप मारली. माणसं अशीच असतात, पूर्ण पांढरी नाहीत आणि पूर्ण काळीही नाहीत. चरित्र वाचताना दोन्ही बाजू पाहायची सवय लावा.

1894 मध्ये चाक उभं राहिलं. त्यावर शेकडो विजेचे दिवे लावले होते. घरोघरी वीज पोहोचायला अजून बराच काळ होता, त्यामुळे रात्रीच्या काळोखात फिरणारं ते दिव्यांचं वर्तुळ दुरूनही लोकांना खेचून घेई. तिकीट विकायला टिल्यूने आपल्या बहिणीला बसवलं. गळ्यात आईचा हिऱ्यांचा हार आणि शेजारी दोन दांडगे पहारेकरी! हार बघायला गर्दी जमे आणि जमलेली गर्दी चाकात बसे.

कुंपण घातलं, आणि मजानगरी जन्मली

तोवर कोनी आयलंडवर खेळ होते, पण विखुरलेले. 1884 साली लामार्कस थॉम्पसनने तिथे उतारावरून घसरत जाणारी गाडी सुरू केली होती. आजच्या रोलर कोस्टरची ही आजी म्हणा. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या सायकलपेक्षाही कमी! तरी लोक किंचाळत. 1895 मध्ये पॉल बॉयटन नावाच्या पट्टीच्या पोहणाऱ्याने समुद्रसिंहांचे खेळ आणि पाण्यात झेपावणाऱ्या होड्या एका कुंपणात आणल्या आणि दाराशी तिकीट ठेवलं.

टिल्यूने यातून धडा घेतला. नुसते खेळ असून भागत नाही, कुंपणही हवं. का बरं? बाहेरच्या गल्ल्यांत जुगारी, पाकीटमार आणि दारुडे असत. बायकामुलांना घेऊन फिरायची चोरी. कुंपणाच्या आत मात्र कुटुंबाला निर्धास्त फिरता येईल. 1897 मध्ये सुमारे 15 एकरांवर स्टीपलचेस पार्कचा दरवाजा उघडला. पुढे तिथे 25 सेंटच्या एका तिकिटात पंचवीसेक खेळ मिळू लागले. एकदा आत गेलं की गरीब कोण आणि मुकादम कोण, हे कळायला मार्ग नसे. सगळे एकाच पाळण्यात.

खेळ आणि त्यांतलं विज्ञान

यांत्रिक घोड्यांची शर्यत : पार्कला नाव मिळालं ते याच खेळावरून. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची घोडदौड. ही कल्पना मूळची एका इंग्रज माणसाची. टिल्यूने तिचे हक्क विकत घेतले. लोखंडी रुळांवर लाकडी घोडे असत. आधी घोडे उंचावर नेले जात, मग उतारावरून सोडले जात. वर असताना घोड्याजवळ स्थितिज ऊर्जा, खाली येताना तिची गतिज ऊर्जा होते. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला हाच धडा. ना इंजिन, ना वाफ, नुसतं गुरुत्वाकर्षण! एका घोड्यावर दोघांना बसता येई. गंमत म्हणजे वजनदार स्वार बहुधा पुढे जाई. हवेचा विरोध जड स्वाराला तुलनेने कमी अडवतो. म्हणजे एरवी ज्यांना जाड म्हणून चिडवतात, ते इथे जिंकत!

माणसांची फिरती थाळी : गुळगुळीत मोठी तबकडी जमिनीलगत असे. त्यावर वीस-पंचवीस जण बसत आणि ती फिरू लागे. वेग वाढला की एकेक जण घसरत बाहेर. जात्यात दळताना पीठ कडेला येतं, तसं. फिरणारी वस्तू सरळ रेषेत निघून जाऊ पाहते. तिला वर्तुळात धरून ठेवायला आत खेचणारं बल लागतं. गुळगुळीत लाकडावर ते बल देणारं घर्षण अपुरं पडतं. मधोमध बसणारा मात्र शेवटपर्यंत टिकतो. का, ते तुम्ही सांगा.

फिरतं पिंप : आडवं, आतून गुळगुळीत, माणूस उभा राहील एवढं मोठं पिंप सावकाश फिरत असे. त्यातून चालत पलीकडे जायचं. दोन पावलं टाकली की तोल गेलाच. मग अनोळखी माणसं एकमेकांना धरत, पडत, उठत आणि हसत.

भूकंपाचा जिना : पायऱ्या मधून दुभागलेल्या. डावी बाजू खाली गेली की उजवी वर. चढायचं कसं?

बघा, या खेळांत एक गोष्ट सारखी आहे. तुम्ही नुसते प्रेक्षक नाही. तुम्हीच खेळ आहात. सर्कशीत आपण पैसे देऊन विदूषक पाहतो, इथे पैसे देऊन आपणच विदूषक होतो. टिल्यूचं खरं शोधकार्य हेच. काही यंत्रं दुसऱ्यांनी शोधली होती. मोठी माणसं घडीभर लहान व्हायला आसुसलेली असतात, हे त्याने शोधलं.

पण हसं कुणाचं?

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. घोड्यांची शर्यत संपली की बाहेर पडायची वाट एका छोट्या रंगमंचावरून जात असे. लोकांना हे आधी माहीत नसे. तिथे विदूषक उभे असत. जमिनीतल्या भोकांतून अचानक हवेचे झोत येत. टोप्या उडत, बायकांचे झगे उडत. पुरुषांना विदूषक विजेचा हलका झटका देत. समोर बसलेले प्रेक्षक पोट धरून हसत. ते प्रेक्षक कोण? थोड्या वेळापूर्वी ज्यांची तशीच फजिती झाली होती, तेच! सुटका झाली की तुम्हीही तिथे बसायचं आणि पुढच्यांना हसायचं.

त्या काळातल्या अनेकांना ही निर्मळ गंमत वाटे. सगळ्यांचीच फजिती होते, मग लाज कसली, असा तो हिशेब होता. पण थांबा. तिकीट काढताना त्या बाईने झगा उडवून घ्यायला होकार दिला होता का? ज्याला विजेचा झटका बसला, त्याला कुणी विचारलं होतं का? फिरत्या पिंपात पडणारा स्वतःहून पिंपात शिरतो आणि स्वतःच्या पडण्याला हसतो. रंगमंचावर मात्र न विचारता त्याला इतरांपुढे उभं केलं जातं. पहिलं हसणं. दुसरं हसं करणं.

वर्गात कुणाच्या पाठीवर कागद चिकटवला, कुणाचा धक्का लागून डबा सांडला, कुणाचा नको असलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकला, की आपण गंमत केली म्हणतो. गंमत कुणाची? ज्याच्यावर झाली तो हसतोय का, एवढंच तपासा. आणि माझं झालं तसं त्याचंही होऊ दे, हे काही उत्तर नाही. स्टीपलचेसच्या त्या बाकांवर बसलेले लोक नेमकं हेच म्हणत होते.

शेजारी स्पर्धक, दारात आग

1901 मध्ये बफलो शहराच्या प्रदर्शनात टिल्यूला चंद्रावरच्या प्रवासाचा एक अजब देखावा दिसला. पंख हलवणाऱ्या जहाजात बसायचं आणि दृश्यं सरकत जाऊन आपण चंद्रावर पोहोचलो असं वाटायचं. विमानसुद्धा अजून उडालं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट! टिल्यूने तो देखावा आणि त्याच्या दोन्ही कर्त्यांना, थॉम्पसन आणि डंडी यांना, 1902 साली आपल्या पार्कात आणलं. एका हंगामातच ते दोघे वेगळे झाले आणि 1903 मध्ये त्यांनी शेजारीच लूना पार्क उघडलं. मनोरे, घुमट आणि लाखो विजेचे दिवे! 1904 मध्ये ड्रीमलँड हे तिसरं, पांढरंशुभ्र उद्यान आलं. टिल्यूचं पार्क त्यांच्यापुढे जुनाट दिसू लागलं. तरी तो तगला, कारण तिकडे पाहायला जास्त होतं आणि याच्याकडे करायला.

ही सगळी शोभा लाकूड आणि प्लास्टरची होती. 1907 च्या जुलैअखेर स्टीपलचेसमध्ये आग लागली. फेकलेल्या पेटत्या सिगारेटमुळे ती लागली असं सांगतात. समुद्राचा वारा आणि वाळकं लाकूड! वर्षानुवर्षांची मेहनत काही तासांत राख झाली.

दुसऱ्या दिवशी टिल्यूने काय केलं असेल? त्याने दारावर पाटी लावली. काल संकट आलं, आज वेगळं संकट आहे, पण इथेच मोठं आणि चांगलं पार्क पुन्हा उभं करीन, असा तिचा आशय. आणि खाली धुमसते अवशेष आत येऊन पाहण्याचं तिकीट : दहा सेंट! लोक आले. पैसे देऊन राख पाहून गेले. वाळू विकणारा तो चौदा वर्षांचा पोरगा अजून त्याच्यात जिवंत होता.

पण खरी शहाणीव पुढच्या वर्षी दिसली. 1908 मध्ये त्याने सुमारे पाच एकरांचा लोखंड आणि काचेचा भव्य मंडप उभारला आणि बरेचसे खेळ त्याच्या छताखाली घेतले. पाऊस आला तरी खेळ चालू. मुख्य म्हणजे, मुख्य इमारत आता लाकडाची नव्हती. 1911 च्या मे महिन्यात ड्रीमलँडला आग लागली आणि ते कायमचं संपलं. टिल्यूचं पार्क वाचलं. आपल्याकडे जत्रेचे मांडव, गणपतीचे मंडप बांधताना हे आठवायला हवं. विजेच्या तारा कुठून नेल्या आहेत, बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, वाळूच्या बादल्या आहेत का? पाळण्यात बसण्याआधी तुम्हीही एक गोष्ट बघा : आडवा दांडा नीट अडकतो का? नसेल, तर उतरा. त्यात भित्रेपणा नाही.

शेवट आणि मागे उरलेलं

30 नोव्हेंबर 1914 ला जॉर्ज टिल्यूचं निधन झालं. वय अवघं 52. पुढे मुलांनी पार्क सांभाळलं. 1920 मध्ये शहरातली मेट्रो रेल्वे कोनी आयलंडपर्यंत आली आणि पाच सेंटच्या तिकिटात कुणीही समुद्रावर येऊ लागलं. उन्हाळ्यातल्या एखाद्या रविवारी किनाऱ्यावर वाळू दिसेनाशी होई. 1941 मध्ये एका प्रदर्शनातून 262 फूट उंच पॅराशूट उडीचा मनोरा पार्कात आणला गेला. नंतर काळ बदलला. लोकांकडे मोटारी आल्या, घरी टीव्ही आला, गर्दी ओसरली. 1964 च्या सप्टेंबरात स्टीपलचेस बंद झालं. जागा विकली गेली आणि 1966 मध्ये तो काचेचा मंडपही पाडला गेला. आज तिथे बेसबॉलचं मैदान आहे. तो पोलादी मनोरा मात्र जपला आहे. आता त्यावरून कुणी उडी मारत नाही, पण समुद्रावरून दूरवरून तो दिसतो.

पार्क गेलं तरी टिल्यूची रीत जगभर राहिली. मोठ्या उद्यानांत आपण एका दरवाजातून आत जातो, एकदा तिकीट काढतो आणि दिवसभर खेळतो, ती हीच रीत. आणि तिच्यामागे एक साधा विचार आहे : राबणाऱ्या माणसालाही आठवड्यातून एक दिवस मोकळं हसायचा हक्क आहे. कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये रोज दाराशी लोंबकळत कामाला जाणाऱ्या आपल्या आईबाबांनाही तो आहे. पुढच्या जत्रेत फक्त स्वतःसाठी पाळण्याचा हट्ट धरू नका. त्यांनाही बळेच शेजारी बसवा. बाबा वर गेल्यावर डोळे मिटतात की उघडे ठेवतात, ते बघा. आणि ते घाबरले, तर त्यांच्याबरोबर हसा. त्यांना हसू नका.

विचार करा, लिहा

1. चौदा वर्षांच्या जॉर्जने वाळू विकली आणि मोठेपणी चाकाची खोटी जाहिरात केली. या दोन गोष्टींत तुम्हाला काय फरक वाटतो?
2. मॅकेनविरुद्ध साक्ष दिल्यामुळे टिल्यूचं काय नुकसान झालं? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?
3. फिरत्या थाळीच्या मधोमध बसलेला माणूस का टिकतो? घरी ताटात चार शेंगदाणे ठेवून, ताट फिरवून पाहा आणि निरीक्षण लिहा.
4. हसणं आणि हसं करणं यांतला फरक दाखवणारा, तुमच्या वर्गात घडू शकेल असा एक प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा. कुणाचं खरं नाव घालू नका.
5. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी जत्रेतला पाळणा कशाचा होता, तो कोण फिरवत असे आणि बसायला किती पैसे पडत? उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून आणा.